रक्त पातळ करणारी गोळी : नेम मोडू नका



पंचक्रोशीत शोधले तर असे एखादे घर निघतेच, की जिथे कोणाच्या तरी हृदयाची झडप बदललेली आहे. कोणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असते. कोणा म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत असतात. अशा माणसाला इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर बजावून सांगतात, "ही रक्त पातळ करायची गोळी. रोज घ्यायची आणि सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घ्यायचे."

माणूस घरी येतो. चार-सहा महिने सगळे सुरळीत चालते. दम लागत नाही, बांधापर्यंत चालत जाता येते, जेवण गोड लागते. मग सुगीची गडबड सुरू होते. तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो, एसटीचे भाडे आणि तपासणीचे पैसे वेगळेच. मनात येते, 'आता आपण ठणठणीत आहोत. मग गोळी कशाला?'

घात इथेच होतो. ठणठणीत वाटते ते गोळीमुळेच. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही, की ताप उतरला आणि गोळी थांबवली. तिचा नेम मोडला तरी दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणूनच धोका कळत नाही. आज या सदरात या गोळीविषयी नीट समजून घेऊ.

रक्त खरेच पातळ होते का?

नाही. दुधात पाणी घालावे तसे रक्त काही पातळ होत नाही. रक्त कमीही होत नाही, अंगातली ताकदही जात नाही. 'रक्त पातळ' हा आपला बोलण्यातला शब्द आहे. खरे काम वेगळेच आहे. दुधाला विरजण कमी लावले तर दही लागायला वेळ लागतो. दूध तेच, फक्त विरजण कमी. तसेच या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो.

आपले यकृत, म्हणजे लिव्हर, रक्त गोठवणारी काही द्रव्ये तयार करते. त्यासाठी त्याला 'के' जीवनसत्त्व लागते. गोळी या जीवनसत्त्वाचे काम अडवते, म्हणून ती द्रव्ये कमी तयार होतात. आपल्याकडे या कुळातल्या दोन गोळ्या जास्त वापरात आहेत, ॲसिनोकुमारॉल आणि वॉरफॅरिन. दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी त्यांची मात्रा सारखी नाही. एकीच्या जागी दुसरी परस्पर घेऊ नये.

लहानपणी घसा येऊन पुढे सांधे सुजवणारा ताप येतो. त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात आणि पुढे काहींना धातूची झडप बसवावी लागते. अशी झडप आपल्याकडेही बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली झडप १९९० साली प्रथम माणसाला बसवली गेली. पण झडप कितीही चांगली असली तरी शरीराला ती परकीच. तिच्यावर रक्त गोठू पाहते. गाठ झाली तर झडपेची झाकणी अडकते, किंवा गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धांगवायूचा झटका येतो. म्हणून धातूची झडप बसलेल्या माणसाला ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. झडपेची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली असो वा पदरच्या पैशाने, पुढचा नेम घरानेच सांभाळायचा असतो.

गोठ्यातून आलेले औषध

या औषधाचा शोध लागला तो गुरांच्या रोगातून. १९२० नंतरच्या वर्षांत कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापले, खच्चीकरण केले, की रक्त थांबतच नसे. पशुवैद्यांनी कारण शोधले ते वैरणीत सापडले. आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतले 'स्वीट क्लोव्हर' नावाचे एक पीक तिकडे वैरणीसाठी घेत. ते ओले राहून बुरसले, की त्यात रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होई.

१९३३ साली विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठातल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून १९३९ साली ते द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफॅरिन १९४८ साली बाजारात आले, ते मात्र उंदीर मारण्यासाठी. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली १९५४ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच औषध दिले गेले.

आपण शेतात उंदरांच्या बिळात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतो, त्याही याच कुळातल्या. हे ऐकून घाबरू नका. एवढेच ध्यानात घ्या, की इथे सारा खेळ मात्रेचा आहे. मात्रा बरोबर असेल तर जीव वाचतो, चुकली तर जातो. म्हणून ही गोळी पोरांच्या हाताला लागेल अशी कोनाड्यात ठेवू नये. घरातल्या मुलाने ती गोळी किंवा उंदराची वडी खाल्ली, तर 'अजून तर काही झाले नाही' म्हणून थांबू नये. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. तडक दवाखाना गाठावा. तिथे यावर उपाय आहे.

आकडा कसा वाचावा

मात्रा बरोबर आहे की नाही, हे तोंड पाहून किंवा नाडी पाहून कळत नाही. त्यासाठी रक्ताची 'पी.टी. आय.एन.आर.' ही तपासणी करावी लागते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आय.एन.आर. १ च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्याचा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. काही धातूच्या झडपांसाठी २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा कोणता, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपली गोळी बदलू नये.

आकडा खाली गेला, की गाठ होण्याचे भय. वर गेला, की रक्तस्रावाचे भय. पाटाला पाणी कमी सोडले तर पीक करपते आणि जास्त सोडले तर दंड फुटतो, तसेच हे आहे. सुरुवातीला तपासणी दर काही दिवसांनी, मग आठवड्याला आणि आकडा स्थिर झाला की साधारण महिन्याला होते. आकडा ५ च्या वर दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. आपला आकडा आणि आपली मात्रा घरातल्या निदान दोन माणसांना तोंडपाठ हवी.

गोळीचा नेम

गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. संध्याकाळी दिवेलागणीला किंवा रात्री जेवणानंतर घेतलेली बरी. सकाळी रक्त दिले आणि दुपारपर्यंत आकडा आला, तर डॉक्टरांनी सांगितलेला बदल त्याच रात्रीपासून करता येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी घेतल्यावर त्या तारखेला फुली मारावी. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे, मुले ते हौसेने करतात.

गोळी विसरली आणि त्याच रात्री आठवली, तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर गेली ती गेली. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. विसरलेली तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना सांगावी. लागोपाठ दोन दिवस चुकले, तर लगेच कळवावे.

दुकानातून पाकीट आणताना गोळीचे नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचून घ्यावेत. एकाच नावाची गोळी १ मिलिग्रॅमची असते, तशी ४ मिलिग्रॅमचीही असते. रंग पाहून गोळी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची इथेच चूक होते. म्हणून रिकामे पाकीट टाकून देऊ नये, ते दुकानदाराला दाखवून तसेच नवे घ्यावे.

एकादशी असो, श्रावणी सोमवार असो, गोळी चुकवू नये. औषधाने उपवास मोडत नाही. वारीला निघालात, तर लागतील त्याहून आठ दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. ऊसतोडीला कारखान्याच्या भागात जाणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना सांगावे आणि तिकडे तपासणी कुठे होईल हे विचारून घ्यावे. पाच-सहा महिने आकडा न पाहता गोळी घेत राहणे म्हणजे डोळे बांधून बैलगाडी हाकणे आहे.

पालेभाजी सोडायची का?

हा प्रश्न घरोघर विचारला जातो. पालेभाजीत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. मेथी, पालक, शेपू, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर या सगळ्यांत ते आहे. गोळी या जीवनसत्त्वाला अडवते आणि भाजी ते वाढवते. म्हणून कोणीतरी सांगते, "हिरवे बंद करा." हा सल्ला बरोबर नाही. पालेभाजी बंद करायची नाही, ती बेताने आणि सारखी खायची.

तुम्ही गाई-म्हशी पाळता. दुभत्या जनावराचा चारा एकाएकी बदलला, की दूध खालीवर होते, हे तुम्हाला सांगायला नको. आय.एन.आर.चेही असेच आहे. आपल्याकडे खाणे ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात रानभाज्या निघतात. हिवाळ्यात शेतात मेथी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला असतो, रोजच्या ताटात हिरवे येते आणि आकडा खाली सरकतो. उन्हाळ्यात पाला मिळत नाही, पिठले आणि डाळीवर दिवस निघतात, आणि त्याच मात्रेत आकडा वर जातो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वाटी-वाटीभर पालेभाजी खात असाल, तर शक्यतो बारा महिने तेवढीच ठेवा. ऋतू बदलला आणि ताट बदलले, तर तपासणी लांबवू नका. वांगे, दुधी, बटाटा, टोमॅटो, कांदा यांची चिंता नको.

जुलाब लागले, ताप आला, चार दिवस अन्न गेले नाही, की आकडा वर चढतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे. दारू या गोळीबरोबर अजिबात नको.

कंबरदुखीची गोळी घातक

खुरपणी-कापणीच्या दिवसांत कंबर, गुडघे धरतात. वाण्याच्या दुकानातही दुखण्याची गोळी मिळते आणि माणूस ती घेऊन मोकळा होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हे फार महागात पडते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. त्यातून रक्त येऊ लागले, तर ते थांबत नाही. बाहेर काही दिसत नाही, फक्त शौच डांबरासारखे काळे होते. दुखणे असह्य असेल तर पॅरासिटामॉल चालते का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ताप-खोकल्याच्या आणि जुलाबाच्या काही औषधांनीही आकडा चढतो. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल आणि नायट्यावरच्या काही गोळ्या त्यांतल्याच. उलट क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आकडा खाली आणते. ही औषधे लागली तर घ्यावीच लागतात, पण डॉक्टरांना आधी सांगितले म्हणजे ते मात्रा आणि तपासणी त्याप्रमाणे ठरवतात. झाडपाल्याचे काढे, चूर्णे, लसूण-आल्याचे अर्क यांचेही तसेच. स्वयंपाकातला लसूण आणि हळद चालते, औषध म्हणून रोज चमचा-चमचा खाणे मात्र विचारल्याशिवाय नको.

दंडात किंवा कमरेत सुई घेण्याआधी "मला ही गोळी चालू आहे" असे सांगावे, कारण स्नायूच्या आत रक्त साचू शकते. सांध्याच्या तापासाठी पेनिसिलिनची सुई ठरवून दिलेली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये, ती कशी घ्यायची ते डॉक्टर सांगतील. जोराने अंग रगडून घेणे, तुंबडी किंवा जळवा लावून घेणे टाळावे.

शेतातली जखम

शेतकऱ्याने विळा, कोयता हातात घ्यायचाच नाही, असे कसे चालेल? पण जपायला हवे. अनवाणी रानात जाऊ नये, कापणीला हातमोजे घालावेत. बाभळीच्या काडीऐवजी मऊ ब्रशने दात घासावेत.

कापले तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून १० ते १५ मिनिटे घट्ट दाबून धरावे. मधेमधे उचलून पाहू नये. तंबाखू, चुना, राख भरू नये. रक्त थांबले नाही तर फडके दाबलेले तसेच ठेवून दवाखान्यात जावे.

डोक्याला मार लागला, मग तो बैलाचे शिंग लागून असो, माडीवरून पडून असो की मोटारसायकलवरून, वरून जखम दिसली नाही तरी मोठ्या दवाखान्यात जायचेच. आत हळूहळू रक्त साचते. माणूस बोलतो-चालतो आणि रात्री बेशुद्ध होतो.

साप चावला, तर डॉक्टरांना गोळीविषयी पहिल्यांदा सांगावे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यासाठी काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहतात. तुमचे रक्त गोळीमुळे मुळातच उशिरा गोठणारे, हे डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे.

दात काढायचा असो वा कसलीही शस्त्रक्रिया असो, गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि लपवूही नये. थांबवायची की नाही, किती दिवस, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते.

आता धोक्याच्या खुणा. हिरड्यांतून किंवा नाकातून पुन्हा पुन्हा रक्त येणे, लघवी लाल होणे, शौच काळे होणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे, पाळीत फार रक्त जाणे. यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाएकी भयंकर डोके दुखून उलट्या होणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, एकदम दम लागणे, यांपैकी काही झाले तर १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. धातूच्या झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत ऐकू येते. ती ऐकू येईनाशी झाली किंवा दबल्यासारखी वाटली, तर तीही तातडीची खूण आहे.

लेकी-सुनांसाठी

झडप बदललेल्यांत तरुण स्त्रियाही पुष्कळ असतात. लग्न जमवताना ही गोष्ट लपवली जाते, मग सासरी गोळीही लपवून घ्यावी लागते किंवा बंद पडते. यात त्या मुलीचा जीव जातो. गर्भ राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी बाळाला अपाय करू शकते. म्हणून घाबरून गोळी बंद केली, तर झडप अडकून आई दगावू शकते. यावर मार्ग आहे. मूल हवे असे वाटले, की आधीच हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना भेटावे. पाळी चुकली तर एकही दिवस न दवडता जावे. डॉक्टर गोळीऐवजी सुई द्यायची का, मात्रा किती ठेवायची, हे ठरवतात. सासूबाईंनी आणि नवऱ्याने यात सुनेच्या पाठीशी उभे राहावे.

नव्या गोळ्या

आता डॅबिगाट्रान, रिव्हरोक्साबॅन, ॲपिक्साबॅन अशा नव्या गोळ्याही आहेत. त्यांना दर महिन्याच्या आय.एन.आर.ची गरज नसते, पण मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. त्यांचा असर लवकर ओसरतो, म्हणून एखाद-दुसरी चुकली तरी धोका असतो. धातूची झडप असलेल्यांना मात्र या गोळ्या चालत नाहीत. कोणी पाहुण्याने "माझी गोळी घे, तपासणीची कटकट नाही" असे सांगितले, तरी ऐकू नये. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात, तीही तिसरीच जात आहे. तीही आपल्या मनाने थांबवायची नसते.

खिशातली चिठ्ठी

शेवटी एक काम सांगतो. आज रात्री जेवणे झाली, की वहीचा एक कागद घ्या आणि त्यावर पाच ओळी लिहा. नाव आणि गाव. कोणत्या आजारासाठी गोळी चालू आहे. गोळीचे नाव आणि रोजचे मिलिग्रॅम. आय.एन.आर. किती ठेवायचा आणि मागचा किती आला, तारखेसह. डॉक्टरांचा आणि घरचा फोन. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात किंवा बटव्यात ठेवा. शेतात, बाजारात, प्रवासात तो जवळ असू द्या. त्याची एक नक्कल घरात दिनदर्शिकेला टाचा आणि एक आशाताईंना द्या.

आणि ज्या घरात कोणी ही गोळी मधेच सोडली असेल, त्यांनी पुन्हा आपल्या मनाने ती सुरू करू नये. सुगी संपायची वाट न पाहता, उद्या सकाळच्या गाडीने तालुक्याला जाऊन डॉक्टरांना भेटावे आणि रक्त तपासून घ्यावे.